यागोचं थडगं

न्यागुदा गावात सगळ्यांचा मका वीत-वीत वर आला होता आणि अपोंडीचं रान तेवढं पुसलेल्या पाटीसारखं पडलं होतं. पाऊस तिच्याही रानावर तेवढाच पडला होता. पावसाला कोण सधवा आणि कोण विधवा याच्याशी कर्तव्य नसतं, ती उठाठेव माणसांची. दोनदा तिनं कुदळीनं रान खालीवर केलं, दोनदा तण माजलं, आणि आता तिसऱ्यांदा ती कमरेत वाकून तेच तण उपटत होती. बियाणं घरात आढ्याला टांगलेल्या टोपलीत चुलीच्या धुरानं काळं पडत चाललं होतं.

अडचण बियाण्याची नव्हती, बैलांचीही नव्हती. अडचण दिराच्या कमरेची होती.

त्या मुलखात पेरणीला क्रम असतो. आधी घरच्या म्हातारीनं बी टाकायचं, मग थोरल्याच्या घरानं, मग धाकट्याच्या. अपोंडीचा नवरा ओदुंडो थोरला. म्हणजे सासू पेरेसीच्या मागोमाग बी हिचंच पडायला हवं. पण ओदुंडो तीन वर्षांमागं लोल्वे सरोवरात गेला. आणि विधवेनं रीतीप्रमाणं दिराला नाहीतर भाऊबंदांतल्या कुणाला घरात घेतलं नाही तर तिच्या घराचं बी आपल्या पायानं बाहेर निघत नाही. मान धाकट्याकडं जातो. त्यानं पेरायचं, मग तिनं.

धाकटा म्हणजे ओबुरा. तो रीतीची गोष्ट काढायला पहिल्यांदा आला तेव्हा अपोंडीनं त्याला उंबऱ्यातच थांबवून हातात खराटा दिला होता आणि कोंबड्यांच्या खुराड्याकडं बोट दाखवलं होतं. घरातल्या पुरुषाचं पहिलं काम ते, झेपलं तर पुढचं बोलू, असं म्हणाली होती. ते त्याच्या जिव्हारी लागलं. यंदा पाऊस पडल्यापासून तो आंब्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत कमरेला फडकं गुंडाळून बसला होता. कंबर धरलीय, वाकवत नाही, पेरणी कशी करू, असं येईल-जाईल त्याला सांगत होता. आठवड्यातून तीनदा तो मोटरसायकलवर चाळीस किलोमीटर खड्ड्यांतून तालुक्याला जाऊन येई, तेव्हा कमरेची काही तक्रार नसे.

त्याचं दुकान होतं. एक हंगाम हुकला तर त्याचं काही बिघडत नव्हतं. हिचा हुकला तर दोन मुलींच्या ताटात काय पडणार हा एक प्रश्न, आणि दुसरा त्याहून मोठा. रानाचा खालचा तुकडा सरोवरापर्यंत उतरत होता आणि त्याच्या पोटात पांढरी वाळू होती. शहरातल्या एका व्यापाऱ्याचा ट्रक दोनदा येऊन बघून गेला होता. कोर्टात दावा चालू होता. रान पडीक दिसलं की ओबुराचा वकील उठून सांगणार होता की बघा, ही बाई जमीन कसतसुद्धा नाही.

क्रम ओलांडून पेरावं, तर ते नुसतं पेरणं राहत नाही. ओलांडणाऱ्याच्या मागं मरण लागतं म्हणतात, आणि ते धाकट्या पोरापासून सुरुवात करतं. अपोंडीला ते पटत होतं की नाही ते तिलाच माहीत. पण त्या रानातला दाणा पेरेसी तोंडात घालणार नाही आणि किनाऱ्यावरची एकही बाई तिच्या शेजारी जाळं पसरणार नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

किनाऱ्यावर ती रोज उन्हं वर आल्यावर जाई. होड्यांतून उतरलेली ओमेना, बोटाएवढी चंदेरी मासळी, विकत घेऊन जुन्या जाळ्यांवर वाळत घालायची, उलटायची, करकोच्यांना हाकलायचं. हाताला तो वास असा धरून बसे की चर्चमध्ये पाद्री आशीर्वाद द्यायला डोक्यावर हात ठेवी तो जरा लांबूनच.

"काय गं असेम्बोच्या लेकी," शेजारच्या जाळ्यावरची बाई म्हणाली. सासुरवाशिणीला तिकडं माहेरच्या गावानं हाक मारतात, अपोंडीचं माहेर असेम्बो. "दिराची कंबर कशी आहे?"

"दुखते म्हणतात."

"चोळून दे जरा. बी आपोआप बाहेर पडेल."

बायका हसल्या. अपोंडीही हसली, कारण न हसणाऱ्या बाईला तिथं दुसऱ्या दिवशी दुप्पट ऐकावं लागतं. मग तिनं एक मूठ ओमेना उलटली आणि म्हणाली की चोळायला तिची हरकत नाही, पण तिच्याकडं चोळायला मिरचीच आहे.

*

ओदुंडो गेला तो असा. मोठी मासळी धरायला चौघांची होडी निघाली, रात्रभर वादळ झालं, तिसऱ्या दिवशी होडी पालथी सापडली. दोघांची प्रेतं पाण्यानं परत दिली. तिसऱ्याचा शर्ट दिला. ओदुंडोचं काहीच दिलं नाही. तेरा दिवस किनारा धुंडाळला. मग गावातले सर्वांत म्हातारे ओगुटू आजोबा, ज्यांचं वय लोक नव्वद धरत आणि ते स्वतः एकशे वीस सांगत, म्हणाले की आता यागो आणा.

प्रेत मिळालं नाही तर यागोच्या झाडाचं फळ पुरतात. दुधीसारखं लांब लोंबणारं, लाकडासारखं जड. ओबुरा स्वतः झाडावर चढला. त्यानं सगळ्यांत वजनदार फळ निवडलं, भाऊ अंगानं भरलेला होता म्हणून. पांढऱ्या चादरीत गुंडाळून घराच्या उजव्या हाताला, घरधन्याच्या जागी पुरलं. बैल कापला. अपोंडीचं डोकं भादरलं. ओबुरा असा रडला की त्याचा आवाज सरोवरापलीकडच्या देशात गेला म्हणतात. त्याच्यासारखा रडणारा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं बैलाचा खांदा चघळत ओगुटू आजोबा म्हणाले.

पुढं फळ मातीत कुजलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात थडग्यातून रोप वर आलं. आता ते पेरेसीच्या खांद्याला लागत होतं. म्हातारी रोज सकाळी लोटाभर पाणी घालायची आणि पानांशी बोलायची. मोतीबिंदूनं तिला फारसं दिसत नव्हतं, पण रोपाची पानं ती बोटांनी ओळखायची. ओदुंडो, काल कोंबड्यांनी अकरा अंडी घातली. ओदुंडो, तुझा भाऊ पेरत नाही रे.

अपोंडीला आधी त्याची लाज वाटायची. मग सवय झाली. मग एक दिवस सासू तापानं पडली तेव्हा तिनं स्वतःच लोटा उचलला.

ओबुराची गंमत अशी की गावात भाऊ मेलेला होता आणि कोर्टात जिवंत. गावात तो म्हणे, भाऊ गेला, वहिनीनं रीत पाळावी नाहीतर माहेरी जावं. कोर्टात त्याचा वकील म्हणे, प्रेत नाही, दाखला नाही, सात वर्षं होईपर्यंत कायदा माणसाला मेलेला मानत नाही, मग ही विधवा कसली आणि वारस कसली. दोन बाजूंनी दोन दारं, आणि दोन्ही अपोंडीच्या तोंडावर लागलेली.

तिला कोर्टाची वाट दाखवली ती रोझलिडानं. चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत ती बायकांना कायदा शिकवायची. सनद नव्हती, पण तिच्या पिशवीत देशाची राज्यघटना असे, मिरचीच्या पुडीच्या शेजारी. दर गुरुवारी अपोंडी तिथं बसायची. वारसाचा कायदा, लग्नाचा कायदा, जमिनीचा कायदा. एखाद्या बाईनं विचारलं की हे सगळं खरं असेल तर आपलं असं का, तर रोझलिडा म्हणायची, "अगं, पावसाळी बूट दुकानात आहेत म्हणून तुझे पाय कोरडे राहतात का? घालावे लागतात."

*

त्या शुक्रवारी कोर्टच गावात येणार होतं. न्यायाधीश बाईंना निकाल देण्याआधी जागा बघायची होती, थडगं बघायचं होतं, जुन्या माणसांना विचारायचं होतं. अपोंडीनं घर शेणानं सारवलं. चर्चमधून खुर्च्या आणल्या. रोझलिडानं सांगून ठेवलं होतं की विचारतील तेवढंच बोल, आणि रडू आलं तर चहाची किटली उचल, हात गुंतले की रडू थांबतं.

मॅडम आल्या त्या रबरी बुटांत. डोंगराकडच्या, इथली भाषा न येणाऱ्या. सोबत एक कारकून, तो इकडचं तिकडं करून सांगणार. ओबुरा सूट घालून आला होता, कमरेचं फडकं घरी ठेवून. त्याचा वकील खुर्चीत बसण्याआधी रुमालानं खुर्ची पुसत होता.

मॅडम रान फिरल्या. पडीक आहे, हे वकिलानं लगेच दाखवलं. का, हे अपोंडीनं सांगितलं. कारकुनाला ते सांगायला वेळ लागला, आणि मॅडमनी दोनदा विचारलं की कुणाच्या कमरेचा इथं काय संबंध.

मग ओगुटू आजोबांची साक्ष झाली. ओदुंडो मेला आहे का, असं मॅडमनी विचारलं. आजोबांनी होडीपासून सुरुवात केली, मधे आपल्या आजोबांना पाणघोड्यानं गिळून परत थुंकल्याची हकीकत घातली आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, मी त्याच्या बैलाचा खांदा खाल्लाय. जिवंत माणसाचा बैल मी कशाला खाईन?"

कारकून म्हणाला, "ते हो म्हणतायत."

"थडग्यात काय आहे?" वकिलानं विचारलं.

"यागो."

"म्हणजे फळ."

"तुमच्या डोळ्यांना फळ," आजोबा म्हणाले.

वकील हसला. त्याचं हसणं अपोंडीला आवडलं नाही. हरायला आलेला माणूस असा हसत नाही. त्यानं घड्याळ बघितलं, ओबुराकडं बघितलं, आणि सांगितलं की आमचा एक साक्षीदार राहिलाय. तो फाटकाबाहेर आहे. आत यायला तयार नाही, म्हणून कोर्टानं कृपा करून तिकडं बघावं.

अपोंडीच्या हातात किटली होती, मॅडमच्या कपात ती चहा ओतत होती. शेराच्या कुंपणापलीकडं मोटरसायकलपाशी एक माणूस उभा होता. टोपी, गळ्यापर्यंत बंद रेनकोट, दाढी. चेहरा दिसत नव्हता. पण त्यानं डाव्या पायाची टाच उजव्या पावलावर टेकवली होती, बगळ्यासारखी. असं उभं राहायची सवय आख्ख्या किनाऱ्यावर एकाच माणसाला होती. त्या टाचेवरून तिनं बारा वर्षं भांडण केलं होतं, की चप्पल घाण होते आणि धुते मी.

चहा कपातून बशीत गेला, बशीतून टेबलावर, टेबलावरून मॅडमच्या बुटावर. अपोंडी ओततच राहिली. किटली रिकामी झाली तरी तिचा हात तिरका तो तिरकाच.

त्या माणसानं टोपी काढली.

ओगुटू आजोबा खुर्चीसकट मागं पडले. दोन बायका किंचाळून घरामागं पळाल्या, एक पळता पळता परत आली कारण तिचं मूल खुर्चीवर राहिलं होतं. कोंबड्या उडाल्या. कुणीतरी प्रार्थना म्हणायला लागलं आणि तिसऱ्याच ओळीला अडकलं. मॅडम इकडंतिकडं बघत होत्या. कारकून म्हणाला, "मॅडम, तो जो मेलाय ना, तो आलाय."

पेरेसी पळाली नाही. तिला दिसलं नव्हतं, पण आवाज थांबल्यावर फाटकाकडून खोकला ऐकू आला आणि म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं. ती उठली, आधी थडग्याकडं गेली, रोपाची पानं चाचपली, मग फाटकाकडं तोंड वळवलं.

"ओदुंडो?"

"आई."

म्हातारीनं पान सोडलं नाही. "मग इतके दिवस मी पाणी कुणाला घातलं?"

*

पुरलेला माणूस फाटकातून आत आणायचा नाही, असं आजोबांनी जमिनीवरूनच सांगितलं. तो ज्या वाटेनं येईल त्याच वाटेनं दुसऱ्या कुणाला तरी जावं लागेल. ओदुंडोलाही ते मान्य होतं, तो फाटकाच्या रेषेपासून दोन पावलं मागंच उभा होता. शेवटी मॅडम म्हणाल्या की साक्षीदार असेल तिथं कोर्ट, आणि टेबल, खुर्च्या, फायली, सगळं कुंपणाबाहेर चिंचेखाली गेलं. अपोंडी शेवटी गेली. चार पावलांवर नवरा होता आणि तिला त्याच्या अंगाचा वास येत होता, ओल्या जाळ्याचा. म्हणजे भूत नव्हतं.

वकिलानं शपथ घ्यायला लावली, नाव विचारलं, आणि एक कागद पुढं केला. ही सही तुमची? ओदुंडोनं मान हलवली. ही तीन एकर जमीन त्यानं ओबुराला विकली होती. कागदावरची तारीख वाचून दाखवली तेव्हा अपोंडीनं मनात महिने मोजले. वीस महिने. वीस महिन्यांपूर्वी तिचे केस जेमतेम कानापर्यंत वाढले होते.

मॅडमनी ओदुंडोला विचारलं की इतके दिवस कुठं होता. तो सरोवराकडं बघत बोलला. वादळानं पलीकडच्या हद्दीत फेकलं, तिकडच्या गस्तीच्या बोटीनं धरलं, सात महिने कोठडीत गेले. सुटल्यावर एका बेटावर जाळी ओढायला राहिला. घरी निघणार होता. तेवढ्यात कुणा कोळ्याकडून ऐकून ओबुरा शोधत आला.

"मग?"

"मी मेलेलो आहे असं त्यानं सांगितलं. यागो पुरलाय म्हणाला. बैल खाऊन झालाय. मी दारात पाऊल टाकलं तर आधी मुली जातील म्हणाला." त्यानं रेनकोटची गुंडी उघडली, परत लावली. "आणि बायको त्याच्या घरात गेलीय म्हणाला. मग मेलेल्यानं जमीन ठेवून काय करायचं. पैसे मुलींना होतील, असं म्हणाला. मी सही केली."

बेटावर आता घरात कुणी बाई आहे का, असं वकिलानं विचारलं. आहे, असं तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याची मान पूर्ण खाली गेली.

अपोंडीच्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं. ओबुरा तिच्या उंबऱ्यात उभा आहे, हात जोडून, विधवेनं रीत पाळावी म्हणून सांगतोय. ती दुसरी खेप, गेल्या सुगीतली. आणि त्याच्या सुटाच्या आतल्या खिशात, छातीला लागून, तिच्या जिवंत नवऱ्याची सही आहे.

वकील मॅडमना सांगत होता की आता प्रश्नच मिटला. माणूस जिवंत, म्हणजे ही विधवा नाही, वारस नाही. दावा काढून टाकावा. जमीन मालकानं स्वतः विकलेली आहे.

रोझलिडा उठायला लागली. अपोंडीनं तिचा झगा धरून तिला खाली बसवलं.

"मॅडम, मी बोलू?"

मॅडमनी मान हलवली.

"ह्याला विचारा, मी त्याची कोण."

कारकुनानं विचारलं. ओदुंडोनं तिच्याकडं बघितलं, पहिल्यांदाच. "अपोंडी. माझी बायको."

"लग्न?"

"चर्चमध्ये. गाईपण दिल्या. सात."

"आठ," पेरेसी कुंपणाच्या आतून म्हणाली.

"मॅडम," अपोंडी म्हणाली, "तीन वर्षं मी विधवा आहे हे सांगत तुमच्या पायऱ्या चढले. तुम्ही पुरावा मागितलात, माझ्याकडं फळ होतं. आज भावोजींनी स्वतःचं पेट्रोल जाळून मला सधवा केलं. केलं ना? मग तो कागद बघा. नवरा जिवंत, बायको जिवंत, घर ह्याच जमिनीवर. माझी सही कुठंय?"

कारकून हे सांगताना अडखळला नाही, त्यानं एक शब्दही गाळला नाही. मॅडमनी कागद उलटला. पाठीमागं कोरा होता. परत सुलटा केला. मग तो वकिलापुढं धरला. वकील सरोवर बघायला लागला. त्या दिवशी सरोवर सगळ्यांनीच फार बघितलं.

"बाईची सही कशाला?" ओबुरा म्हणाला. "जमीन आमच्या बापजाद्यांची."

मॅडम म्हणाल्या की नवरा-बायको ज्या जमिनीवर राहतात ती बायकोच्या लेखी होकाराशिवाय विकता येत नाही, आणि हे तुमच्या वकिलांना तुमच्याइतकं उशिरा कळलेलं नाही. मग त्यांनी फायलीतलं एक जुनं पान काढलं. गेल्या वर्षी तुम्ही शपथेवर सांगितलं होतं की भावाचा ठावठिकाणा माहीत नाही. हा कागद तर त्याआधीचा आहे. बसा, त्याबद्दल वेगळं बोलू.

ओबुरा बसला. आता त्याची कंबर खरंच धरली असावी, कारण बसताना त्याला खुर्ची सापडली नाही.

सविस्तर निकाल कोर्टात होईल, असं मॅडमनी सांगितलं. तोवर ह्या जमिनीवर ट्रक येणार नाही, वाळू हलणार नाही, आणि जी इथं राहते ती कसेल. त्यांनी बुटावरचा चहा पुसला आणि गाडीत बसल्या.

*

गाडीची धूळ खाली बसायच्या आत अपोंडी घरात गेली आणि आढ्याची टोपली काढली. कुदळ घेतली. ओगुटू आजोबांनी काठी आडवी धरली.

"काय करतेस?"

"पेरते. नवरा जिवंत आहे. थोरल्याचं घर माझं. आईंचं बी पडलंय. आता माझं."

"असं नाही होत पोरी. नवरा घरात झोपल्याशिवाय बी बाहेर काढत नाहीत. आणि ह्याला तर आत घेता येत नाही. मागचं कुंपण फोडून, मेंढा कापून, उलट्या पावली आणावं लागेल. आणि कुंपण घरच्या बाईनंच आतून फोडायचं असतं. असं मी ऐकलंय. बघितलं कुणी नाही. आमच्यात मेलेली माणसं शिस्तीची होती, परत येत नव्हती."

अपोंडीनं टोपली उचलली आणि ती शेराच्या कुंपणापाशी गेली. पलीकडं ओदुंडो उभा होता. तिनं दोन फांद्या बाजूला केल्या, शेराचा पांढरा चीक मनगटावर ओघळला, आणि टोपली त्या फटीत धरली.

"हात लाव."

त्यानं बियाण्यात हात घातला. बोटं मनगटापर्यंत आत गेली आणि तिथंच राहिली.

"मला वाटलं, तू त्याच्या घरात गेलीस," तो हळू म्हणाला.

"वाटलं. विचारायला माणूस पाठवायचास. इंजिनाच्या होडीला पाच तास लागतात."

"मी मेलेलो होतो, अपोंडी."

"मेलेल्यानं सही केली," ती म्हणाली. "काढ हात."

त्यानं हात काढला. आजोबांकडं वळून तिनं विचारलं की थोरल्याचा हात लागला, आता चालेल का. आजोबांनी काठी खाली टेकवली, दाढी खाजवली, आपल्या आजोबांना आठवून पाहिलं आणि शेवटी म्हणाले की याच्यात बंदी करणारी गोष्ट त्यांना तरी माहीत नाही.

तिनं पहिला खड्डा घराच्या उजव्या हाताला, थडग्याच्या कडेला घेतला. आजोबांनी मागून सांगितलं की ते रोप आता उपटायला हवं, एका माणसाला दोन जागा शोभत नाहीत. पेरेसी रोपाला टेकून बसली होती. मुलाचा चेहरा तिनं कुंपणाच्या फटीतून चाचपून घेतला होता, कपाळ, नाक, दाढी, दाढीपाशी रडली होती, आणि परत येऊन इथं बसली होती.

"राहू दे त्याला," म्हातारी म्हणाली. "हा कुठं गेला नाही."

अपोंडी रोपाला वळसा घालून पुढं गेली. खड्डा, तीन दाणे, पावलानं माती. खड्डा, तीन दाणे, माती. उन्हं कलायला लागली होती. पाठीत कळ यायची तेव्हा ती उभी राही आणि बरोबर त्याच वेळी कुंपणापलीकडची टोपीही थांबलेली दिसे. ती एक ओळ पुढं सरकली की तोही बाहेरून तेवढाच सरकत होता. फाटक उघडंच होतं. त्यानं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही.

पाचव्या ओळीला तिनं कपाळाचा घाम पुसला, घरामागं गेली, ओदुंडोची जुनी कुदळ आणली. दांडा तीन वर्षांत वाळून पात्यात खुळखुळत होता. तिनं ती कुंपणावरून पलीकडं फेकली.

"नुसता उभा राहू नकोस," ती म्हणाली. "बाहेरच्या बांधाचं गवत काढ. बाकीचं पेरणी झाल्यावर बघू."